मिनिटाच्या ठोक्याला येणारे वाचक

माझं काम भोंगे गप्प करण्याचं आहे. ताई तिच्या सासरी सांगते की आमचा धाकटा इंटरनेट सांभाळतो, त्यामुळे तिच्या सासऱ्यांचा व्हिडिओ अडकला की पुढच्या भेटीत ते माझ्याशी तुटक वागतात. प्रत्यक्षात आमची कंपनी लोकांच्या वेबसाइटवर पहारा ठेवते. आमचं यंत्र दर मिनिटाला प्रत्येक वेबसाइटचं दार वाजवतं. आतून ‘आहे’ असं उत्तर आलं की पुढे जातं. आत काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. उत्तर आलं नाही तर ज्याची पाळी असेल त्याचा फोन भोंग्यासारखा ओरडतो, आणि त्याने हातातलं टाकून बघायला धावायचं असतं.

घोडं पेंड खातं ते इथे, की भोंगा बहुतेक वेळा खोटा असतो. वेबसाइट मजेत चालू असते. आमचं यंत्र ज्या शहरात बसलंय तिथली लाइनच आडवी झालेली असते. म्हणजे चक्कर येते पहारेकऱ्याला, आणि तो बोंब ठोकतो की मालक गेले. मी नोकरीला लागलो तेव्हा आठवड्याला चारशे भोंगे वाजायचे आणि त्यातले खरे सहा-सात. माझ्या शेजारी बसणारा सहकारी, ज्याला सगळं ऑफिस डुलकी म्हणतं आणि ज्याची त्याबद्दल काही तक्रार नाही, तो हनुवटीने फोन बंद करायला शिकला होता. बटणांच्या एका कारखान्याने दोन वर्षांपूर्वीच गाशा गुंडाळला होता. त्याची वेबसाइट बंद आहे असा भोंगा आम्हाला नऊ दिवस येत होता, आणि नऊही दिवस डुलकीने नोंदवहीत ‘परिस्थितीवर लक्ष आहे’ असं लिहिलं होतं.

असाच एक खोटा भोंगा आई गेली तेव्हा वाजला.

ती सोळा दिवस हॉस्पिटलात होती, तिसऱ्या मजल्यावर. दुपारची वेळ. माझी पाळी होती. ती डुलकीला देता आली असती, पण अजून चार-पाच दिवस तरी काढतील असं डॉक्टर म्हणाले होते, आणि मी आकड्यांच्या बाबतीत लोकांवर पटकन विश्वास ठेवतो. फोन ओरडला. पोपटांचे पिंजरे विकणारं एक दुकान बंद पडलं होतं. वॉर्डात लॅपटॉपला रेंज मिळेना, म्हणून मी जिन्यात जाऊन पायरीवर बसलो. बघतो तर दुकान ठणठणीत. त्या क्षणी जगातल्या कुठल्याही माणसाला हवा तो पिंजरा घेता आला असता. मी नोंदवहीत ‘खोटा’ असं लिहिलं, लॅपटॉप मिटला आणि परत आलो. अकरा मिनिटं गेली होती. बाबा पलंगाजवळ उभे होते आणि नर्स चादरीची कड सरळ करत होती.

आईची शुद्ध त्या दिवसांत येऊन-जाऊन असायची. त्या अकरा मिनिटांत ती आली होती का, आली असेल तर ती काय म्हणाली, एवढंच मला कळायला हवं होतं. पण मी विचारलं नाही. विचारलं की आधी ‘तू कुठे होतास’ येणार, आणि त्याचं उत्तर ‘पिंजरे बघत होतो’ असं होतं. बाबांनीही आपणहून सांगितलं नाही. आम्ही दोघं एकाच घरात राहायचो आणि ती अकरा मिनिटं ओलांडून इकडून तिकडे जायचो, जिन्यात कुणी पाय पसरून बसलं असलं की जातात तसे, न बोलता, भिंतीला अंग घासत.

मी स्वतःला कामाला जुंपून घेतलं. खोटे भोंगे कमी करायचा नियम ऑफिसात मीच बसवला: एका शहराच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही. पाच शहरांतून दार वाजवायचं. पाचांपैकी तिघांनी ‘उत्तर नाही’ म्हटलं तरच माणसाला उठवायचं. तीन महिन्यांत चारशेचे आठ झाले. आमच्या ऑफिसच्या प्रमुख मॅडमनी सगळ्यांसमोर मला एक कप दिला, ज्यावर तोंड बांधलेल्या घंटेचं चित्र आहे. डुलकीला मात्र कामावर लक्ष लागेना. इतकी शांतता असली की त्याला झोप येत नाही म्हणाला.

घरी बाबांची अवस्था वाईट होती. बाबा वजनमापे निरीक्षक होते. एकतीस वर्षं पितळी वजनांची पेटी घेऊन ते दुकानादुकानांतून फिरले आणि लोकांचे तराजू तपासले. पारड्याखालचं लोहचुंबक, काट्याला बांधलेला केसाएवढा दोरा, सगळं त्यांच्या नजरेत यायचं. एक मांसविक्रेता टेबलाखालून गुडघ्याने पारडं दाबायचा. त्याचा गुडघा बाबांनी अहवालात ‘उपकरण क्रमांक दोन’ म्हणून नोंदवला होता. अशा माणसाला आई गेल्यावर कळेना की दिवसाचं करायचं काय. ते तिच्या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे. समोर ठेवलेलं ताट तासाभराने होतं तसंच परत यायचं. ताई फोनवर मला म्हणाली, “भोंग्या, त्यांना कशाला तरी लाव, नाहीतर एक दिवस घरी जाशील आणि त्यांची भिंत झालेली असेल.”

आई रफू करायची. त्या खिडकीत बसून, कापड डोळ्यांपासून चार बोटांवर धरून. तिची एक जाड वही होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक कपड्याची तिने त्यात नोंद ठेवली होती. लिहायला ती कंजूष. ‘तपकिरी कोट. डाव्या बाहीला सिगारेटचं भोक. धागा आतल्या शिवणीतून काढला. दोन दिवस. गिऱ्हाईक म्हणालं भोक कुठे होतं? बास.’ हे ‘बास’ फार थोड्या नोंदींखाली होतं. जिथे काम साधलं तिथेच.

ही वही बाबांनी वेबसाइटवर उतरवून काढावी असं मी सुचवलं. बाबा म्हणाले, कोण वाचणार? मी म्हटलं, इंटरनेटवर लोक मांजराची शिंक बघतात, कोटाचं भोक नाही बघणार? त्यांना हे पटलं नाही, पण खुर्ची खिडकीतून उठून कॉम्प्युटरपाशी आली. एका बोटाने टाइप करत ते दोन दिवसांना एक नोंद चढवू लागले. प्रत्येक नोंदीखाली त्यांना स्वतःच्या चार ओळी लिहायला जागा हवी होती, ती ठेवली. सगळ्यात खाली किती जण येऊन गेले आणि कुठल्या शहरातून, हे दाखवणारा आकडा हवा होता, तोही ठेवला. मोजमापाशिवाय त्यांच्याच्याने काही होत नाही.

आणि मी सवयीने त्या वेबसाइटवर पहारा लावला. घरातून निघताना लोक कुलूप ओढून बघतात, तसं. पहिल्याच दिवशी तीन खोटे भोंगे वाजले, कारण दार एकाच शहरातून वाजत होतं. मग माझाच नियम लावला. पाच शहरं, दर मिनिटाला, तिघांचं एकमत. फोन गप्प झाला आणि मी ते विसरून गेलो.

दुसऱ्या आठवड्यात बाबांचा ऑफिसात फोन आला. ते ऑफिसात कधी फोन करत नाहीत, म्हणून मी पहिल्याच रिंगला उचलला.

“काल सात हजार दोनशे सहा,” ते म्हणाले.

मी विचारलं, काय?

“वाचक.”

पाच शहरं, तासाला साठ, दिवसाचे चोवीस तास. हिशेब मला फोनवरच लागला. सात हजार दोनशे वेळा आमच्या यंत्रांनी दार वाजवलं होतं. उरलेले सहा बाबा स्वतः होते. त्यांनी एकेक शहर वाचून दाखवलं. एक बंदराचं. एक बर्फाचं. एक वाळवंटाच्या कडेचं. एक दोन नद्यांच्या मधलं. आणि पाचव्याचं नाव त्यांना उच्चारता येईना, म्हणून त्यांनी स्पेलिंग सांगितलं. मी म्हटलं की घरी आल्यावर बोलू.

घरी आलो तर बाबांनी दाढी केली होती. जेवायला बसले आणि पुन्हा वाढून मागितलं. खोटा भोंगा दिसला की दाबून टाकायचा, याला माझा हात इतका सरावलाय की झोपेतही होईल. त्या दिवशी तो हात ताटातून वर आला नाही.

मग ते सुरूच राहिलं. बाबांनी जगाचा नकाशा आणून भिंतीवर लावला आणि पाच टाचण्या टोचल्या. इतके लोक इतक्यांदा का येतात याचा त्यांनी सिद्धांत मांडला: दोन्ही हातांत सुई-कापड असल्यामुळे स्क्रीन मिटते, मग नाकाने वगैरे ती परत उघडावी लागत असणार. बर्फाच्या शहरासाठी त्यांनी लोकरीच्या नोंदी आधी चढवल्या. वाळवंटाच्या कडेच्या लोकांना लोकरीत रस नसेल म्हणून त्यांची माफी मागितली. वाचक बरोब्बर मिनिटाच्या ठोक्याला येतात हे त्यांच्या लक्षात आलं, आणि मला वाटलं, संपलं. एकतीस वर्षं तराजू तपासलेला माणूस आहे, आता पकडणार. त्यांनी वेबसाइटवर सूचना लावली: ‘सर्वांनी ठोक्यालाच येण्याची गरज नाही. गर्दी होते. सवडीने यावे.’

लोक येतच राहिले. शिस्तीची माणसं आहेत, बाबा म्हणाले, पण ऐकत नाहीत.

कधीकधी ते मला जेवताना विचारायचे, “कालचं वाचलंस?” मी म्हणायचो, “हो. मस्त.” ते मान हलवायचे आणि डाव उचलून मला वाढायचे. मी खूश होतो. काहीतरी चालू ठेवल्याचं समाधान होतं, आणि चालू ठेवणं हाच माझा धंदा. त्या नोंदींखाली ते चार ओळींत काय लिहितात याची मला कल्पना नव्हती. कपड्यांबद्दलच असणार असं धरून चाललो होतो.

अकरा महिने असे गेले. एका शनिवारी सकाळी बाबांनी मला टेबलापाशी बोलावलं. टेबलावर आईची सुयांची डबी होती. शिंगाची, झाकणाला चीर गेलेली. तिच्यात एकोणीस सुया, आणि त्यातली सगळ्यात बारीक सुई आम्हा भावंडांना लहानपणी नुसती बघायचीही परवानगी नव्हती. डबीशेजारी पुठ्ठ्याचं खोकं, कापूस, दोरा, आणि ‘नाजूक वस्तू’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलेली पट्टी.

बाबांनी मला समजावून सांगितलं. ताई सुई धरत नाही, मी तर बटणही डुलकीकडून लावून घेतो. डबी गंजत पडण्यापेक्षा ज्याला कदर आहे त्याच्याकडे जावी. त्यांनी पाचही शहरांचा सहा आठवडे अभ्यास केला होता, तक्ता काढून. बंदराच्या शहरातला माणूस मध्येच दोन दिवस आला नव्हता. दोन नद्यांवाला एकदा पुरात अडकला असावा. पण बर्फाच्या शहरातला तो एक, अकरा महिन्यांत एक मिनिट चुकला नव्हता.

“आईची गिऱ्हाइकंसुद्धा इतकी वेळेवर नव्हती,” ते म्हणाले. “त्याचा पत्ता काढून दे. तुमच्या यंत्रात येत असेल.”

पत्ता खरंच येत होता. मी तो काढला. शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर, मासळीच्या शीतगृहाच्या पलीकडे, बिनखिडक्यांची एक राखाडी इमारत. फोटोही होता. दारावर पाटी नाही, आवारात एक सायकल. मी त्या सायकलकडे बराच वेळ बघत बसलो. सायकल आहे म्हणजे रखवालदार असणार. रखवालदार बर्फात उभा म्हणजे स्वेटर असणार. स्वेटर आहे म्हणजे कोपराला भोक असणारच. मी खोक्यावर अर्धा पत्ता लिहिलासुद्धा. बाबा शेजारी उभं राहून अक्षर तपासत होते. मग माझ्याने पुढे लिहवेना.

“बाबा, तिथे माणूस नाहीये.”

“घर बदललं त्याने?”

“पहिल्यापासून नव्हता. ती आमची यंत्रं आहेत. पाचही. मीच लावलेली.”

ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला जरा आधार वाटला असता. त्यांनी खुर्ची ओढली आणि दुकानदाराला विचारायचे तसे एकेक प्रश्न विचारले. यंत्र येऊन काय करतं? मी म्हटलं, दार वाजवतं. पान उघडलं की जातं. वाचत नाही? नाही. एखादी ओळ? बाबा, पहिली ओळसुद्धा नाही. मग त्याला कळतं कसं की सगळं ठीक आहे? मी म्हटलं, उत्तर आलं की ठीक आहे असं धरतात.

त्यांनी ‘नाजूक वस्तू’ची पट्टी उचलली आणि टेबलाच्या कडेला समांतर ठेवली.

“यंत्रं वजा करून खरा आकडा दे,” ते म्हणाले. “कागदावर.”

मला दोन तास लागले. जिथे वेबसाइट ठेवली होती तिथे प्रत्येक येण्याजाण्याची नोंद असते: कोण, कुठून, किती वेळ. एकूण तेवीस लाख एकेचाळीस हजार नऊशे बारा. त्यातली यंत्रं तेवीस लाख चाळीस हजार सातशे नव्वद. उरले अकराशे बावीस. अकराशे आठ वेळा बाबा. नऊ वेळा ताई. चार अनोळखी माणसं, जी बहुधा दुसरंच काही शोधत होती आणि सात-सात सेकंदांत परत गेली. आणि एक.

बाबांनी चष्मा लावला आणि बोट ठेवत ठेवत खाली आले. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

“हा एक कोण?”

“मी.”

“कोणती नोंद वाचलीस?”

मी म्हटलं, वाचली नाही. सुरू केली त्या दिवशी, उघडतंय का ते बघितलं.

“किती वेळ?”

ते माझ्या कागदावर नव्हतं. पण मला माहीत होतं, कारण नुकतंच बघितलं होतं. चार सेकंद.

त्यांनी कागदाची चार घड्यांची पुडी केली आणि खिशात ठेवली. अकरा महिने मी ‘मस्त’ म्हणत होतो त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. आईची डबी उचलून कपाटात ठेवली. मला कॉम्प्युटरवर जरा काम आहे, तू बाहेर जाऊन ये, असं म्हणाले. मी लगेच गेलो. खरं तर सुटल्यासारखं वाटलं, आणि हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

रस्त्यावर शनिवारची माणसं होती. कुणी गाडी धूत होतं, कुणी कुत्र्याला ओरडत होतं. मी चालत चालत नदीपर्यंत गेलो, उगाच तिथे उभा राहिलो, परत फिरलो. दीडएक तासाने ताईला फोन लावला. ती दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा लावते. मी तिला झालेलं सांगितलं. ती म्हणाली, मी नऊच वेळा? मला जास्त वाटलं होतं.

“म्हणजे बाबा खाली लिहितात ते तू कधी वाचलंच नाहीस?” तिने विचारलं.

कपड्यांबद्दल लिहितात ना, मी म्हटलं.

“कपड्यांबद्दल? अरे, तुझ्याबद्दल असतं. तू उभ्याने जेवतोस. दारातून ‘बरं आहे ना’ विचारतोस आणि उत्तर यायच्या आत खोलीत जातोस. त्या बर्फवाल्याला विचारतात, तुमची मुलंही असंच करतात का. आणि तपकिरी कोटाची नोंद आहे ना, वहीतली त्र्याण्णव नंबरची. त्याखाली हॉस्पिटल आहे. तू जिन्यात होतास तेव्हाचं.”

मी विचारलं, काय आहे?

ताई म्हणाली, तिने सुरुवात वाचली होती. ‘धाकटा जिन्यात गेला आणि तिने डोळे उघडले,’ इथपर्यंत. समोर एक पेशंट गालाला बर्फ लावून बसला होता आणि हिलाच रडू फुटलं. म्हणून पान बंद केलं. घरी जाऊन शांतपणे वाचू असं ठरवलं. मग घरी गेल्यावर धीर होईना, आणि मग ते राहूनच गेलं.

मी पळत निघालो. माझं पळणं बघण्यासारखं नाही. एका बाईने मूल उचलून कडेला घेतलं. घरात शिरलो तेव्हा बाबा स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. कॉम्प्युटर चालू होता. मी आयुष्यात दुसऱ्यांदा ती वेबसाइट उघडली.

त्र्याण्णव. तपकिरी कोट, डावी बाही, सिगारेटचं भोक. गिऱ्हाईक म्हणालं भोक कुठे होतं? बास. आणि त्याखाली कोरी जागा.

मी पान वर सरकवलं, खाली सरकवलं. एकशे बेचाळीस नोंदी. आईचा शब्द न् शब्द जागच्या जागी. बाबांच्या ओळी एकाही ठिकाणी नाहीत. दीड तासात, एका बोटाने, त्यांनी सगळ्या पुसल्या होत्या, आणि कुठे खूण म्हणून राहिली नव्हती.

माझा फोन शांत होता. शांतच असणार. पानं उघडत होती, पाचही शहरांना उत्तर मिळत होतं, सगळं ठीक होतं. मी जुनी प्रत शोधायला बसलो. प्रत नव्हती. प्रत ठेवायची तर वेगळी सोय करावी लागते, दहा मिनिटांचं काम आहे, आणि मी ते केलं नव्हतं. मी पहारा लावला होता.

स्वयंपाकघरात गेलो.

“बाबा, तुम्ही खालचं काढून टाकलंत.”

“ते वाचकांसाठी होतं,” ते म्हणाले. हातात ताटली होती, ती त्यांनी दोन्ही बाजूंनी पुसली.

मी विचारलं, त्र्याण्णवच्या खाली काय होतं? माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, सहावी-सातवीतला वाटला. आईने डोळे उघडले, मग? काय म्हणाली?

बाबांनी ताटली जाळीत उभी केली. फडकं वाळत घातलं. मग टेबलाशी येऊन बसले आणि मला समोर बसायची खूण केली. चौदा महिन्यांत आम्ही जेवणाशिवाय असे समोरासमोर बसलो नव्हतो.

“तू विचारशील म्हणून मी तीन महिने थांबलो होतो,” ते म्हणाले. “रोज वाटायचं, आज विचारेल. तोपर्यंत एकेक शब्द धरून ठेवला होता. मग लिहून टाकलं. लिहिलं आणि डोक्यातून सोडून दिलं. म्हटलं, आता त्यांच्याकडे आहे, इतके जण आहेत, हरवणार नाही. आज पुसताना मीही वाचलं नाही.”

मी म्हटलं, आठवेल तेवढं सांगा.

बाहेर तो माणूस अजून कुत्र्याला ओरडत होता. त्या घरात माझा जन्म गेला आणि तिथल्या खुर्चीवर बसून मी कधी काही ऐकायला इतका थांबलो नव्हतो.

“तुझं नाव घेतलं तिने,” बाबा म्हणाले.

माझ्या डोळ्यांसमोरचं टेबल विरघळलं. मी तसाच बसून राहिलो. हललो तर पुढचं निसटेल असं वाटलं.

मग बाबांनी सावकाश मान हलवली. “नाही. नाव नव्हतं घेतलं. ते आत्ता मी घातलं.”

“असू दे बाबा. मला चालेल.”

“नाही चालत,” ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले आणि बोटाने टेबलावर एकेक जागा दाखवत पहिल्यापासून धरलं: दुपार होती, नर्स बाटली बदलून गेली, तुझा फोन वाजला, तू लॅपटॉप उचललास, दार लोटलंस, तिने डोळे उघडले. तिथे येऊन बोट थांबलं. ते परत मागे आलं. दुपार होती.